जादा तेलाचा मका: कोंबडी-जनावरांच्या खाद्याचा हिशेब (प्रकल्प नोंदी, पुणे)

4 जून 2025

प्रश्न एकच: जादा तेलाच्या मक्याला क्विंटलमागे किती रुपये वाढीव भाव देता येईल, की खाद्य गिरणीचंही जमेल आणि शेतकऱ्याचंही? शिरूर, दौंड आणि खेड तालुक्यांतले मका उत्पादक, ब्रॉयलर (मांसाच्या) व लेअर (अंड्यांच्या) कोंबड्यांचे पोल्ट्रीवाले आणि संकरित गाईंचे गोठे, असे तिघेही समोर ठेवून हिशेब मांडायचा आहे.

तक्त्यासाठी स्थिर आकडे आज ठरवले. नेहमीचा मका: तेल 3.8 टक्के, कोंबडीसाठी चयापचय ऊर्जा किलोला 3350 किलोकॅलरी, प्रथिनं साधारण 8.5 टक्के. जादा तेलाचा मका: तेल 6.8 टक्के, म्हणजे 3 अंकांचा फरक. दाण्यात तेल वाढतं तेव्हा तेवढा स्टार्च कमी होतो, म्हणून तेलाची सगळी ऊर्जा जमेला धरता येत नाही. स्टार्चची ऊर्जा वजा करून तेलाच्या एका अंकाला 50 किलोकॅलरीच्या आसपास मिळतात. आम्ही 45 धरले, कारण दाण्यातलं तेल अंकुराच्या पेशींमध्ये बंद असतं आणि भरडा जाडा राहिला तर ते पूर्ण पचत नाही. त्यामुळे जादा तेलाच्या मक्याची ऊर्जा 3350 + 135 = 3485.

भाव: मका ₹24 किलो (2025-26 चा हमीभाव क्विंटलला ₹2,400 आहे, तोच आधार), खाद्यात घालायचं तेल ₹110 किलो. हे धरलेले भाव आहेत. बाजारभाव बदलला की तक्त्यातला फक्त तो रकाना बदलायचा.

9 जून 2025

ब्रॉयलर फिनिशरचा, म्हणजे पक्षी विकण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याचा हिशेब. टनाला मका 600 किलो, बाहेरून घातलेलं तेल 30 किलो, बाकी सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड), खनिजं, अमिनो आम्लं.

अनेक ठिकाणी पहिली चूक इथेच होते. गिरणीवाला साधा मका काढून तेवढाच जादा तेलाचा मका घालतो आणि बाकी फॉर्म्युला तसाच ठेवतो. खाद्याची ऊर्जा किलोला 81 किलोकॅलरीने चढते, पक्षी ऊर्जेच्या हिशेबाने खाणं कमी करतो, खाणं कमी झालं की प्रथिनंही कमी पोटात जातात. वजन तेवढंच राहतं, पोटातली चरबी मात्र वाढते. मग निष्कर्ष निघतो की या मक्यात काही राम नाही. फॉर्म्युला नव्याने बसवल्याशिवाय या मक्याची किंमत हातात पडत नाही.

नव्याने बसवायचा म्हणजे ऊर्जा होती तिथेच ठेवून तेल कमी करायचं आणि त्या जागी मकाच घालायचा. 1 किलो तेल काढून 1 किलो जादा तेलाचा मका घातला की तेलाचे 8800 वजा मक्याचे 3485, म्हणजे 5315 किलोकॅलरी कमी होतात. आपल्याकडे वाचलेली ऊर्जा 600 × 135 = 81,000. भागाकार 15.2 किलो. म्हणजे तेल 30 वरून 15 किलोच्या खाली येतं आणि मका 615 किलो होतो.

आता भाव: जुना खर्च 600 × 24 अधिक 15.24 × 110, एकूण ₹16,076. तेवढ्याच पैशात 615.2 किलो मका घ्यायचा तर किलोला ₹26.13 पर्यंत परवडतो. वाढीव भावाची कमाल मर्यादा ₹2.13 किलो, क्विंटलला ₹213. तेलाच्या एका अंकाला ₹71.

मोठ्या अंकुरामुळे लायसिन हे अमिनो आम्लही थोडं वाढतं. 0.26 चं 0.29 टक्के झालं तरी टनामागे कृत्रिम लायसिनची बचत 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलो मक्याला पाच-सात पैसे. प्रथिनांपोटी सोया डीओसी कमी करायची आणि शिवाय लायसिनचीही बचत धरायची, हा दुहेरी हिशेब झाला. दोन्हींपैकी एकच धरायचं. आम्ही लायसिन धरलं आणि ते पैसे नासधुशीपोटी सोडून दिले.

12 जून 2025

वाढीव भाव मक्याच्या भावापेक्षा तेलाच्या भावावर जास्त हलतो. तेल ₹80 झालं तर ₹2.13 चे ₹1.39 होतात, ₹130 झालं तर ₹2.63. तेलाच्या दर ₹10 ला क्विंटलमागे ₹25.

अमेरिकेत आणि आपल्याकडे फरक पडतो तो याच जागी. इलिनॉयमध्ये 1896 साली सिरिल हॉपकिन्स यांनी बर्स व्हाइट वाणाच्या 163 कणसांवर निवड सुरू केली. तेव्हा तेल 4.7 टक्के होतं, शंभर पिढ्यांच्या निवडीनंतर ते 20 टक्क्यांच्या वर गेलं. तिथून पुढे 1990 च्या दशकात व्यापारी वाण शेतात आले. पण तिथल्या गिरणीपुढे या मक्याला पर्याय होता जनावरांची चरबी आणि वापरलेलं तळणीचं तेल, दोन्ही स्वस्त. आपल्याकडे पर्याय आहे राइस ब्रान, पाम किंवा सोया तेल, आणि खाद्यतेलाच्या बाबतीत देश आयातीवर अवलंबून. त्यामुळे दाण्यातल्या तेलाला इथे जास्त मोल आहे, आणि तेच मोल सरकारी अधिसूचनेने एका रात्रीत खाली येऊ शकतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, मे 2025 च्या अखेरीस ते 10 वर आलं. पेरणी ते काढणीच्या चार महिन्यांत असं घडलं तर पेरणीवेळी ठरवलेला भाव कुणाला तरी बुडवणार. ठरलेल्या रकमेऐवजी सूत्र हवं.

तक्त्यातून सोपं सूत्र निघालं: क्विंटलमागे, तेलाच्या एका अंकाला, कमाल वाढीव भाव = 0.83 × (तेलाचा किलोभाव − मक्याचा किलोभाव). 110 आणि 24 घालून पाहिले: 0.83 × 86 = ₹71. जुळलं.

लेअरसाठी वेगळं. लेअर मॅशमध्ये ऊर्जा 2600-2700 च्या घरात, बाहेरून तेल बहुधा नसतंच. काढायला तेल नाही, म्हणून इथे मका थोडा कमी करून तांदळाचा तेलविरहित कोंडा, म्हणजे डीओआरबी वाढवायची. टनाला 500 किलो मक्याऐवजी 454 किलो जादा तेलाचा मका आणि 46 किलो जादा डीओआरबी (ऊर्जा 2000, भाव ₹15 धरून). परवडणारा वाढीव भाव किलोला 90 पैसे. ब्रॉयलरच्या निम्म्याहून कमी. अंडी सुरू होताना लिनोलिक आम्लामुळे अंड्याच्या वजनाला मदत होते, पण साध्या मक्याच्या खाद्यातही लिनोलिक 1 टक्क्याच्या आसपास भरतंच. त्यासाठी वेगळे पैसे धरले नाहीत. लेअरवाल्याने ब्रॉयलरच्या भावात हा मका घेऊ नये.

20 जून 2025

चाचणी प्लॉटची पेरणी, शिरूर तालुका. मान्सून यंदा मे महिन्यातच आल्याने वापसा मिळेपर्यंत थांबावं लागलं.

बियाण्याची रचना नोंदवून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पिशवीत दोन प्रकारचं बी मिसळलेलं असतं. 90-92 टक्के बी चांगल्या उत्पन्नाच्या संकरित मक्याचं, पण त्याचा तुरा नर-वंध्य, म्हणजे त्यातून पराग पडत नाही. उरलेलं 8-10 टक्के बी परागदात्याचं. त्याच्या परागातून जादा तेलाचा गुण दाण्यात उतरतो, त्याच हंगामात. तेल अंकुरात असतं आणि अंकुरात निम्मा वाटा परागाचा असतो, म्हणून हे जमतं. परागदात्याची झाडं स्वतः कमी पिकतात.

परिणाम दोन. एक, शेजारच्या साध्या मक्याचा पराग आला तर तो दाणा साध्या तेलाचा भरतो. बाहेरून पाहून काही कळत नाही. दोन, परागदाता आणि कणसाचे केस यांची वेळ चुकली तर दाणेच भरत नाहीत.

संकरित मक्याच्या प्रमाणित बीजोत्पादनात 200 मीटर अंतर ठेवतात. इथे बीजोत्पादन नाही, थोडी भेसळ चालते, पण पुणे जिल्ह्यात एक-दोन एकरांच्या तुकड्यांत 100 मीटरही मिळणं कठीण. काळाचं अंतर ठेवायचं म्हटलं, शेजाऱ्यापेक्षा तीन-चार आठवडे पुढे-मागे पेरायचं, तर अडतो तो चाऱ्याचा मका. दुधाचे गोठे असलेल्या गावात आफ्रिकन टॉल हे चाऱ्याचं वाण दर पंधरवड्याला थोडा थोडा पेरलेला असतो, आणि कापणी होते ती फुलोऱ्यात. तोपर्यंत पराग उडून गेलेला. एका शेतकऱ्याशी करार करून भागत नाही, शिवाराशी बोलावं लागतं: सलग दहा-पंधरा एकरांचा पट्टा एकाच आठवड्यात पेरायचा आणि वाऱ्याच्या बाजूच्या चाऱ्याची कापणी तुरा पडायच्या आत करायची. पट्टा मोठा असला की कडेच्या ओळींतली भेसळ एकूण मालात विरघळून जाते. सुटा एक एकर या पिकाला योग्य नाही.

पेरणी यंत्राची तबकडी: परागदात्याचं बी बारीक असलं तर एका भोकात दोन पडतात किंवा पेटीच्या हादऱ्याने ते तळाशी बसतं, आणि शेताच्या एका टोकाला परागदाता दाट, दुसऱ्या टोकाला विरळ होतो. पेटी अर्धीच भरायची, दर दोन फेऱ्यांनी हाताने ढवळायची. अंतर 60 × 20 सेंमी.

2 जुलै 2025

दुभती गाय. इथे अपेक्षा सगळ्यात मोठ्या आहेत आणि हिशेब सगळ्यात लहान.

20 लिटर दुधाच्या संकरित गाईला दिवसाला 3 किलो मका भरडा धरला तर जादा तेल 90 ग्रॅम. ‘बायपास फॅट ₹130 किलो, मग 90 ग्रॅमचे ₹12 वाचले’ हा हिशेब चुकीचा आहे. बायपास फॅट कॅल्शियमशी बांधलेलं असतं, रुमेनमध्ये (गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात) ते फारसं सुटत नाही. मक्याचं तेल भरड्यातून रुमेनमध्ये मोकळं होतं आणि ते असंतृप्त असतं. जास्त झालं तर तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना जड जातं, ट्रान्स मेदाम्लं तयार होतात आणि दुधाची फॅट घसरते. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) बांधलेला, पॉइंटमागे कपात. ऊर्जा मिळवून फॅट घालवली तर उरलं काय?

त्यात आपल्या गोठ्यात सरकी पेंड असतेच. 2 किलो सरकी पेंडेतून दीडशे ग्रॅमच्या आसपास तेल आधीच जातं. एकूण आहारात तेल शुष्क पदार्थाच्या 6-7 टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. म्हणून जादा तेलाचा मका सुरू केला तर सरकी पेंड कमी करावी, आणि वैरणीचा तंतू, कडबा किंवा मुरघास, हटवू नये.

गाईसाठी या मक्याची किंमत पचनीय ऊर्जेतल्या 4 टक्के वाढीइतकी धरली, म्हणजे ₹24 वर 96 पैसे. ती कमाल. मुरघासासाठी तर वेगळं बियाणं घ्यायचंच कारण नाही. मुरघासाच्या शुष्क वजनात दाणा तिसरा हिस्सा ते फार तर चाळीस टक्के, तेलाचा फरक जेमतेम एक अंक उरतो.

14 ऑगस्ट 2025

प्लॉट फुलोऱ्यात. सकाळी आठ ते अकरा तुरे झटकून पाहिले. नर-वंध्य झाडांचे तुरे कोरडे, परागदात्याचे पिवळे. पावसाची सर पडून गेली की पराग चिकटतो आणि उडत नाही. अशा दिवशी केस ओले राहतात आणि दुसऱ्या दिवसावर भिस्त राहते. कणसाच्या टोकाचे केस शेवटी येतात. परागदाता लवकर संपला तर नेमकं टोक रिकामं राहतं.

लष्करी अळी पोंग्यात दिसली तर परागदात्याची झाडं आधी तपासायची. साध्या शेतात शंभरातली दहा झाडं खराब झाली तर दहा टक्के नुकसान. इथे ती दहा परागदात्याची असली तर अख्खं शेत धोक्यात.

6 ऑक्टोबर 2025

काढणी. कडेच्या ओळींतली कणसं आणि मधल्या ओळींतली कणसं वेगळी ठेवली.

मळणी यंत्राचा वेग कमी ठेवला. मोठ्या अंकुराचा दाणा अंकुराच्या बाजूने फुटतो, आणि फुटलेला अंकुर म्हणजे उघडं तेल. ते खवट होतं आणि त्यावर बुरशीही आधी बसते. दाण्याचा ओलावा 18 च्या वर असताना मळलं तर दाणा चेचतो, फार कोरडा असताना तडकतो. 15-16 ला मळून ताडपत्रीवर 12 पर्यंत वाळवायचा. मातीच्या खळ्यावर नाही. अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) 20 पीपीबीची, म्हणजे अब्जात 20 भागांची मर्यादा या मालाला साध्या मक्याइतकीच लागू आहे, आणि साठवणीत सूट मात्र कमी.

11 ऑक्टोबर 2025

प्रयोगशाळेआधीची घरगुती तपासणी. 20 दाणे रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी ब्लेडने टरफल सोडवून अंकुर अख्खा बाहेर काढला. भिजलेला अंकुर पिवळट आणि लवचिक असतो, नखाने दाबला की तेलकट ओल सुटते. अंकुर आणि उरलेला भाग वेगळे वाळवून वजन केलं. साध्या मक्यात अंकुर दाण्याच्या 10-12 टक्के, जादा तेलाच्या मक्यात 15 च्या पुढे. दाण्यातलं सुमारे 85 टक्के तेल अंकुरात असल्याने ही तपासणी बाजार समितीच्या ओट्यावरच्या मालालाही चालते, फक्त एक रात्र लागते. कडेच्या ओळींचे दाणे मधल्यांपेक्षा स्पष्टपणे लहान अंकुराचे निघाले, विशेषतः ज्या बाजूला चाऱ्याचा मका होता तिथले.

सॉक्सलेट (तेल विरघळवून काढून मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत): दाणे 1 मिमी जाळीतून दळून 3 ग्रॅम, आधी ओव्हनमध्ये वाळवून, पेट्रोलियम ईथरने 6-8 तास. दळण जाडं राहिलं तर तेल कमी दिसतं. दळताना गिरणी तापली तर ओलावा उडून टक्का फुगतो. दोन चाचण्यांत 0.2 पेक्षा जास्त फरक आला तर तिसरी करायची.

सगळ्यात महागडी गफलत कागदावर होते. प्रयोगशाळा तेल शुष्क वजनावर लिहून देते. शुष्क वजनावर 7 टक्के म्हणजे 13 टक्के ओलाव्याच्या मालात 6.1 टक्के. हा 0.9 अंकांचा फरक, अंकाला ₹71 ने क्विंटलमागे ₹64 चा. करारात ‘13 टक्के ओलाव्यावर’ हे शब्द नसतील तर भांडण ठरलेलं.

18 ऑक्टोबर 2025

गिरणीत दळण. ब्रॉयलरसाठी हॅमर मिलला 3 मिमी जाळी. धूळ कमी उडते. ढिगाला हात लावला की मऊ लागतं, पण पोत्यात दाबून ठेवलं तर गठ्ठे होतात. दळलेला माल चार-पाच दिवसांत संपवायचा, उन्हाळ्यात तीनच. साठवण अख्ख्या दाण्याची.

पेलेट: मिक्सरमध्ये 3 टक्के तेल ओतलं की पेलेट भुसभुशीत होते. तेल दीड टक्क्यावर आल्यावर पेलेट घट्ट झाली, चुरा कमी निघाला. डायला मिळणारं वंगणही तेवढंच कमी होतं, त्यामुळे मोटारचे अँपिअर थोडे चढतात. वाफ बरोबर ठेवली तर हरकत नाही. पहिल्या दोन आठवड्यांच्या पिल्लांना हे खाद्य द्यायची घाई नको, त्यांना चरबी नीट पचत नाही. फिनिशरपासून सुरुवात.

इथेनॉल कारखान्यांची मका डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा) आता ज्या फॉर्म्युल्यात आहे, तिथे तिच्यातलं तेल मोजूनच हा मका घालायचा. तिने आधीच बाहेरचं तेल खाली आणलं असेल, तर या मक्याला काढायला तेल उरत नाही आणि ₹213 चा हिशेब लागू होत नाही.

27 ऑक्टोबर 2025

शेतकऱ्याची बाजू. उत्पन्न 6 टक्क्यांनी घटलं तर ₹2,400 च्या मक्याला ₹153 वाढवून मिळाले तरच तो जागेवर राहतो. 8 टक्के घट असेल तर ₹209, म्हणजे गिरणीची जवळजवळ सगळी कमाल मर्यादा. 10 टक्क्यांना ₹267, व्यवहारच नाही. वाणाची निवड करताना तेलाच्या टक्क्याइतकंच उत्पन्नाकडे पाहायला हवं. 8 टक्के तेल आणि 12 टक्के घट असलेलं वाण कागदावर चमकतं, शेतात बुडवतं.

म्हणून 0.83 पैकी 0.60 शेतकऱ्याला, 0.23 गिरणीला वेगळं कोठार, तपासणी आणि तुटीपोटी. तेल ₹110, मका ₹24, जादा तेल 3 अंक: शेतकऱ्याला ₹155, गिरणीकडे ₹59. तेल ₹80 ला आलं तर शेतकऱ्याला ₹101 मिळतात आणि ते फक्त 4 टक्के घटीला पुरतात. उलट मका ₹20 आणि तेल ₹110 असेल तर ₹162 मिळतात आणि 6 टक्के घटीची किंमत ₹128 असते. मका पडलेला आणि तेल चढलेलं, हाच या पिकाचा खरा हंगाम.

आडत, हमाली, तोलाई वाचवायची तर माल बाजार समितीच्या वाटेने न नेता थेट गिरणीत उतरवावा. आडतीच्या ढिगात तो साध्या मक्यात मिसळला की वाढीव भाव संपला.

3 नोव्हेंबर 2025

रब्बीसाठी कराराचा मसुदा. कलमं अशी: सलग किमान 10 एकर, पेरणी एका आठवड्यात. आधार तेल 4 टक्के, 13 टक्के ओलाव्यावर. 6 च्या खाली भरलेला माल साध्या मक्याच्या भावाने, परत न पाठवता. तेलाचा भाव पुण्यातल्या घाऊक राइस ब्रान तेलाचा, काढणीच्या आठवड्याची सरासरी. नमुना दर दहाव्या पोत्यातून, तीन भाग करून: एक शेतकऱ्याकडे, एक गिरणीकडे, एक सीलबंद. शेतकऱ्याला किमान ₹100 ची हमी, तेलाचा भाव कितीही पडला तरी. आधार 4 वर धरल्याने 6.8 च्या मालाला 3 नव्हे तर 2.8 अंकांचे पैसे मिळतात, तेवढा फरक शेतकऱ्यांच्या बैठकीत आकड्यांनिशी सांगायचा आहे.

पट्ट्यातल्या दोन गोठ्यांचा चाऱ्याचा मका जानेवारीत तुऱ्यावर येतो. त्यांना त्या तुकड्यात ज्वारीची कडवळ घ्यायला सांगितलं आहे, बियाण्याचा खर्च गिरणीचा.